छातीवर ‘पोलीस’ लिहिलंय, पण कुठले?

१५ जुलै २०२०. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचं पोर्टलंड शहर, रात्रीचे दोन. निदर्शनं आटपून २९ वर्षांचा एक तरुण मित्राबरोबर घरी निघालाय. एक मिनीव्हॅन पुढ्यात येऊन थांबते. गाडीवर कसलीही खूण नाही. आतून लष्करी छापाचे हिरवे-करडे कपडे घातलेली, तोंडं झाकलेली माणसं उतरतात. तरुण आधी पळत सुटतो. तसेच कपडे घालून फिरणाऱ्या कट्टर उजव्या गटांचा त्या शहरात आधीपासून वावर होता आणि हे त्यांच्यातलेच असतील, असं त्याला वाटतं. मग तो गुडघ्यांवर बसतो, हात वर करतो. त्याला गाडीत कोंबलं जातं, डोक्यावरची टोपी डोळ्यांवर ओढली जाते. एका इमारतीत नेऊन त्याला त्याचे कायदेशीर हक्क वाचून दाखवतात आणि चौकशीला उत्तरं देणार का, असं विचारतात. तो नाही म्हणतो. साधारण दीड तासाने त्याला सोडून देतात. हातात ना अटकेचा कागद, ना पावती. आपण फेडरल कोर्टाच्या इमारतीत होतो, हे त्याला बाहेर पडल्यावर कळतं.

ओरेगनच्या सार्वजनिक रेडिओने ही बातमी दिली आणि देशभर गदारोळ उठला. त्याच सुमारास आणखी एक व्हिडिओ फिरला. त्यात तसेच दोघे एका निदर्शकाला उचलून गाडीकडे नेतात. आजूबाजूचे लोक ओरडून विचारतायत, ‘तुम्ही कोण?’ ते दोघे एक अक्षर बोलत नाहीत. त्यांच्या छातीवर ‘पोलीस’ लिहिलेलं दिसतं. पण कुठले पोलीस?

भारतात बसून ही बातमी वाचणाऱ्याला हा प्रश्न जरा विचित्र वाटेल. आपल्याकडे पोलीस म्हणजे राज्याचे पोलीस. एका राज्याला एक दल, एक महासंचालक, एक वर्दी. अमेरिकेत तसं काही नाही. तिथे वेगवेगळ्या पोलीस यंत्रणांची संख्याच अठरा हजारांच्या घरात जाते. शहराचे पोलीस वेगळे, काउंटीचा शेरीफ वेगळा, राज्याची गस्त वेगळी. काही विद्यापीठांचेही स्वतःचे पोलीस असतात. प्रत्येकाचा गणवेश निराळा, बिल्ला निराळा, तक्रार ऐकणारं टेबलही निराळं. त्यामुळे वर्दीतल्या माणसाने काही केलं, तर तो कुणाचा हे कळल्याशिवाय तुमची तक्रार जागची हलतच नाही.

या सगळ्याच्या वर केंद्र सरकारच्या म्हणजे फेडरल यंत्रणा: एफबीआय, मार्शल्स सर्व्हिस, अमली पदार्थ विभाग, सीमा गस्त, इमिग्रेशन पाहणारी आयसीई, अशा कितीतरी. मात्र अमेरिकी संविधानाच्या रचनेत रस्त्यावरची कायदा-सुव्यवस्था हा मुळात राज्यांचा प्रांत. केंद्राचे एजंट उतरायचे तर केंद्राच्या कायद्याचा किंवा केंद्राच्या मालमत्तेचा काहीतरी धागा लागतो.

पोर्टलंडमध्ये तो धागा होता हॅटफिल्ड फेडरल कोर्टहाऊस. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. त्यानंतर देशभर निदर्शनं पेटली. पोर्टलंडमध्ये ती रात्रीमागून रात्री चालूच राहिली. बरीचशी शांततेत होत होती. पण कोर्टहाऊसच्या भिंती रंगवणं, काचा फोडणं, फटाके फेकणं हेही घडत होतं, आणि ते नाकारून या वादाची दुसरी बाजू समजणार नाही. ट्रम्प यांनी २६ जूनला स्मारकं आणि केंद्रीय मालमत्ता वाचवण्याचा कार्यकारी आदेश काढला. २००२ साली होमलँड सिक्युरिटी म्हणजे अंतर्गत सुरक्षा खातं स्थापन करताना एक तरतूद झाली होती. केंद्राच्या इमारतींच्या रक्षणासाठी त्या खात्याचा मंत्री आपल्याच इतर विभागांतली माणसं नेमू शकतो, आणि ही माणसं इमारतीच्या आवारात, तसंच रक्षणासाठी गरज असेल तेवढं आवाराबाहेरही काम करू शकतात. तिचाच आधार घेतला गेला. इमारती सांभाळणारी फेडरल प्रोटेक्टिव्ह सर्व्हिस अपुरी पडते म्हणून सीमा गस्तीचं बोर्टॅक नावाचं खास पथक आलं. हे पथक १९८४ मध्ये स्थलांतरितांच्या कोठड्यांतले दंगे मोडायला उभं केलं होतं आणि पुढे ते सीमेवरच्या तस्करांमागे लागलं. शहरातली गर्दी हाताळणं हे त्याचं रोजचं काम नव्हे. कपडेही तेच, सीमेवरचे.

हे कपडे पाहून खुद्द संरक्षणमंत्री मार्क एस्पर अस्वस्थ झाले. पोलिसांनी सैनिकांसारखं दिसू नये, बघणाऱ्याला दोघांतला फरक कळला पाहिजे, असं त्यांच्या प्रवक्त्याने पत्रकारांना सांगितलं. लष्कर तिथे नव्हतंच, पण टीव्हीवर पाहणाऱ्या निम्म्या देशाला ते लष्करच वाटत होतं.

याच्या महिनाभर आधी राजधानीत याहून विचित्र प्रकार झाला होता. १ जूनला व्हाइट हाऊससमोरचा लाफायेट चौक अश्रुधूर आणि ढकलाढकली करून रिकामा केला गेला. पुढच्या दोन-तीन दिवसांत वॉशिंग्टनच्या रस्त्यांवर दंगलविरोधी पोशाखातली काही माणसं दिसू लागली. त्यांच्या अंगावर ना नाव, ना खात्याचं चिन्ह. तुम्ही कोण, असं पत्रकारांनी विचारलं तर कुणी ‘न्याय विभाग’ म्हणे, कुणी नुसतंच ‘केंद्र सरकार’. शेवटी पोशाखाच्या आणि सामानाच्या बारीकसारीक खुणांवरून पत्रकारांनीच शोध लावला. ही माणसं तुरुंग खात्याची होती! तुरुंगातले दंगे शमवायला तयार केलेली पथकं व्हाइट हाऊसभोवती उभी केली होती. न्याय विभागाचे प्रमुख, अ‍ॅटर्नी जनरल विल्यम बार म्हणाले की फेडरल यंत्रणांमध्ये नावाची पट्टी लावायची तशी पद्धतच नाही. तुरुंग खात्याच्या प्रमुखांनी मात्र कबूल केलं की आपली माणसं कुठल्या खात्याची आहेत हे नीट दिसेल अशी व्यवस्था करायला हवी होती. प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षा नॅन्सी पेलोसी यांनी राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून विचारलं, राजधानीत नेमक्या कुठकुठल्या यंत्रणा उतरवल्या आहेत त्याची यादी द्या. कायदेमंडळाच्या सर्वांत ज्येष्ठ नेत्यांपैकी एकीला आपल्या दारातले शिपाई कुणाचे हे पत्र लिहून विचारावं लागलं.

नावाच्या पट्टीवरून एवढं रान का पेटावं? हा शिष्टाचाराचा मामला वाटतो, पण खरी गोम अमेरिकेच्या दावे लावण्याच्या कायद्यात आहे.

तिथे एखाद्या पोलिसाने तुमचे हक्क तुडवले, तर मुख्य उपाय म्हणजे त्या पोलिसावर व्यक्तिशः नुकसानभरपाईचा दावा. यासाठी १८७१ चा एक कायदा आहे. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लॅनची माणसं तोंडं झाकून कृष्णवर्णीयांवर हल्ले करत होती आणि राज्यांचे अधिकारी डोळेझाक करत होते. त्यावर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, हा कायदा केला. वेश बदलून हमरस्त्यावर फिरणाऱ्यांचा त्यात चक्क उल्लेख आहे. पण हा कायदा लागू होतो तो राज्याच्या आणि स्थानिक अधिकाऱ्यांना. केंद्राच्या एजंटांसाठी काँग्रेसने तसा कायदा कधी केलाच नाही.

ही उणीव १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंशतः भरून काढली. त्या खटल्याचं नाव आजच्या वादासाठीच ठेवल्यासारखं आहे: ‘बिव्हेन्स विरुद्ध फेडरल नार्कोटिक्स ब्युरोचे सहा अनोळखी एजंट’. नोव्हेंबर १९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नार्कोटिक्सचे, म्हणजे अमली पदार्थ विभागाचे, एजंट वॉरंटशिवाय बिव्हेन्स यांच्या घरात शिरले, बायकामुलांसमोर त्यांना बेड्या घातल्या, घर धुंडाळलं. बिव्हेन्सनी दावा लावला, पण लावायचा कुणावर? नावं कुठे माहीत होती! म्हणून ‘सहा अनोळखी’. कोर्टाने मग सांगितलं की सरकारी वकिलाच्या दफ्तरात त्या अटकेत ज्यांची नोंद असेल त्यांना समन्स बजावा. समन्स पोचलं पाचांना. सहा आले होते असं फिर्यादी म्हणतो, कागदावर पाच निघतात. म्हणजे ज्या खटल्याने केंद्राच्या एजंटांवर दावा लावण्याची वाट मोकळी केली, तोही सरकारी दफ्तरात नोंद सापडली म्हणूनच पुढे सरकला. पोर्टलंडच्या त्या तरुणाच्या हातात तर अटकेचा कागदही नव्हता.

पुढे ही वाट न्यायालयानेच अरुंद करत आणली. २०२२ मध्ये सीमा गस्तीच्या एका एजंटावरचा असाच दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला आणि नव्या प्रकारच्या प्रकरणांसाठी दरवाजा जवळजवळ लावूनच घेतला. थोडक्यात, शहराच्या पोलिसावर दावा लावणं जितकं शक्य आहे तितकं केंद्राच्या एजंटावर नाही. एजंट कोण हेही माहीत नसेल, तर उरलीसुरली आशाही संपली.

आता सरकारची बाजू. ती पोकळ नाही. व्हिडिओवर टीका झाल्यावर सीमा संरक्षण विभागाने, म्हणजे सीबीपीने, खुलासा केला की एजंटांनी स्वतःची ओळख सांगितली होती, अंगावर विभागाचं चिन्हही होतं; नावं लावली नव्हती कारण अधिकाऱ्यांची माहिती इंटरनेटवर टाकून त्यांना छळण्याचे प्रकार घडत होते. याला तिकडे ‘डॉक्सिंग’ म्हणतात. नाव वाचायचं, त्यावरून घरचा पत्ता, बायकोचं फेसबुक, मुलांची शाळा शोधायची आणि सगळं जाहीर करायचं. हे खरोखर घडतं आणि पोलिसाच्या घरच्यांनी त्याची शिक्षा का भोगावी, याला विरोधकांकडे चांगलं उत्तर नसतं. पोर्टलंडच्या स्थानिक पोलिसांनीसुद्धा त्याच उन्हाळ्यात हेच कारण देऊन नावाच्या पट्ट्या झाकायची मुभा दिली होती.

फरक एवढाच की स्थानिक पोलिसांनी नावाच्या जागी कर्मचारी क्रमांक लावला. आपल्याकडे एसटीच्या कंडक्टरला आपण नावाने ओळखत नाही. तक्रार करायची तर बिल्ला नंबर टिपून घेतो आणि आगारात तेवढ्यावर काम भागतं. त्याचं घर कुठे, याच्याशी आपल्याला घेणंदेणं नसतं. हे पोलिसाला लागू करायला काय हरकत? मोठ्या अक्षरांत नंबर, आणि नंबर कुणाचा याची नोंद खात्याकडे. कोर्टाने मागितली तर द्यायची, जमावाने मागितली तर नाही. डॉक्सिंगचं कारण नाव झाकण्यापुरतं मला पटतं. खात्याचं नाव आणि नंबर झाकायला ते पुरत नाही. तुरुंग खात्याचा शिपाई ‘तुरुंग खातं’ असं छातीवर लिहून उभा राहिला, तर त्याच्या मुलांना काय धोका होतो? होमलँड सिक्युरिटीचे तेव्हाचे हंगामी मंत्री चॅड वुल्फ यांचं म्हणणं होतं की आमच्या माणसांच्या अंगावर क्रमांक असतात. असतीलही, पण अंधारात, अश्रुधुरात, दहा हातांवरून ते कुणाला वाचता येणार?

या सगळ्यावर कायदा काय म्हणत होता? फारच थोडं. अटक करायला सबळ कारण हवं, हे संविधानाच्या चौथ्या दुरुस्तीत आहे. अटक करणाऱ्याने नाव सांगावं, असं त्यात कुठेही नाही. इमिग्रेशन अधिकाऱ्यांसाठी एक नियम आहे: अटकेच्या वेळी आपण इमिग्रेशन अधिकारी आहोत हे सांगायचं आणि अटकेचं कारण सांगायचं. पण त्यातही ‘व्यवहार्य आणि सुरक्षित असेल तितक्या लवकर’ अशी पळवाट ठेवलीय. केव्हा सुरक्षित, हे अर्थात अधिकारीच ठरवणार.

ओरेगनच्या अ‍ॅटर्नी जनरल एलन रोझेनब्लम यांनी १७ जुलैला केंद्रावर खटला भरला. मागणी साधी होती: कुणाला धरण्याआधी एजंटांनी आपण कोण ते सांगावं आणि का धरतोय तेही सांगावं. त्यांचा एक मुद्दा विचार करण्यासारखा होता. बिनखुणेच्या गाडीतून आलेली, ओळख न देणारी माणसं लोकांना उचलू लागली, तर खरे अपहरणकर्तेही तेच सोंग घेतील. न्यायाधीश मायकल मोझमन यांनी २४ जुलैला मागणी फेटाळली. एजंटांचं वागणं बरोबर होतं, असं ते म्हणाले नाहीत. ज्यांना पकडलं ते नागरिक येऊन दाद मागू शकतात, त्यांच्या वतीने राज्य सरकारला असा दावा लावता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. एक-दोन घटनांच्या पुराव्यावर पुढेही असंच घडेल हे सिद्ध होत नाही, आणि नकली पोलिसांची भीती ही अटकळ झाली.

त्याच आठवड्यात पोर्टलंडचे महापौर टेड व्हीलर निदर्शकांत जाऊन उभे राहिले आणि केंद्राच्या एजंटांनी सोडलेला अश्रुधूर त्यांच्याही नाकातोंडात गेला. पोर्टलंडमध्ये तेव्हा महापौरच पोलीस खात्याचे आयुक्तही होते. म्हणजे शहराच्या पोलीस प्रमुखालाच केंद्राने धूर दिला. निदर्शकांना त्याचं फार वाईट वाटलं नाही, हेही सांगायला हवं. व्हीलर यांच्या स्वतःच्या पोलिसांनी महिनाभर तेच केलं होतं आणि लोकांनी त्यांना ‘टिअर गॅस टेड’ असं नाव ठेवलं होतं.

२९ जुलैला गव्हर्नर केट ब्राउन यांनी केंद्राशी समझोता केला. कोर्टहाऊसबाहेर राज्याचे पोलीस आले आणि केंद्राचे एजंट टप्प्याटप्प्याने मागे गेले. पुढच्या वर्षी होमलँड सिक्युरिटीच्याच अंतर्गत तपासनीसाचा अहवाल आला. साडेसातशेवर अधिकारी पाठवले होते आणि किमान १ कोटी २३ लाख डॉलर खर्च झाला होता. निष्कर्ष दुहेरी होता. माणसं पाठवण्याचा अधिकार खात्याला होता. पण तयारी कच्ची होती: सगळ्यांना गर्दी हाताळण्याचं प्रशिक्षण नव्हतं आणि गणवेश-सामान एकसारखं नव्हतं.

तोपर्यंत काँग्रेसने एक काम गुपचूप करून टाकलं होतं. दरवर्षीच्या संरक्षण खर्चाच्या अवाढव्य विधेयकात एक छोटं कलम घातलं गेलं. नागरी अशांतता हाताळायला केंद्राचे पोलीस, सैनिक किंवा नॅशनल गार्ड (राज्यांचं राखीव सैन्य) उतरले, तर प्रत्येकाने आपलं नाव किंवा स्वतंत्र ओळखक्रमांक आणि आपल्या खात्याचं नाव दिसेल असं लावलंच पाहिजे. ट्रम्प यांनी विधेयकावर नकाराधिकार वापरला, पण या कलमामुळे नाही. त्यांचा राग यादवीतल्या बंडखोर सेनानींची नावं असलेल्या लष्करी तळांची नावं बदलण्यावर आणि समाजमाध्यमांना मिळणाऱ्या कायदेशीर कवचावर होता. १ जानेवारी २०२१ रोजी सेनेटने नकाराधिकार उलथवला आणि कलम कायदा झालं. नाव किंवा नंबर, निवड तुमची. खातं मात्र दाखवायचंच. हा तोडगा मला रास्त वाटतो.

पण कायदा नीट वाचला की भोकं दिसतात. रोजच्या कामात जे गणवेश घालतच नाहीत किंवा वेश बदलून काम करतात, त्यांना सूट. नियम मोडला तर शिक्षा काय, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तो फक्त ‘नागरी अशांतता’ हाताळताना लागू. आम्ही निदर्शनं हाताळत नाही, इमिग्रेशनची कारवाई करतोय, एवढं म्हटलं की संपलं.

आपल्याकडे या बाबतीत कागद बराच भक्कम आहे. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अटकेसाठी अकरा सूचना दिल्या. त्यातली पहिलीच ही: अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. पुढे ती फौजदारी प्रक्रिया संहितेत आली आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. प्रत्यक्षात बंदोबस्तावरच्या शिपायाने वरून दंगलीचं जाकीट चढवलं की खालची नावाची पट्टी झाकली जाते आणि साध्या वेशातल्या पोलिसाला नाव विचारायची हिंमत किती जणांत असते, हे आपण जाणतो. तेव्हा अमेरिकेकडे बोट दाखवताना फार ताठ व्हायचं कारण नाही.

२०२५ मध्ये वाद पुन्हा उसळला आणि या वेळी प्रश्न मास्कचा होता. देशभर इमिग्रेशनच्या धाडी सुरू झाल्या, आयसीईचे एजंट चेहरे झाकून आणि साध्या कपड्यांवर जाकीट चढवून लोकांना रस्त्यावरून, कोर्टाच्या आवारातून उचलू लागले. जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर त्याविरुद्ध लोक उतरले. आयसीईचे प्रमुख टॉड लायन्स यांचं म्हणणं २०२० सारखंच: आमच्या माणसांच्या कुटुंबांना धमक्या येतात, मास्क निघणार नाही. त्याच महिन्यात, १४ जूनला, मोझमन यांना अटकळ वाटलेली भीती दुसऱ्या राज्यात खरी ठरली. मिनेसोटात एका माणसाने पोलिसासारखे कपडे चढवले, तोंडावर मुखवटा घातला, पोलिसांसारखी सजवलेली गाडी घेतली आणि रात्री आमदारांची दारं ठोठावली. आमदार मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती त्यात मारले गेले. त्या मारेकऱ्याचा आयसीईशी काही संबंध नव्हता. पण मध्यरात्री दार वाजलं आणि बाहेर मास्कवाला ‘पोलीस’ उभा असला, तर उघडायचं की नाही?

सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाने दोन कायदे केले. एकाने पोलिसांना आणि केंद्राच्या एजंटांना कामावर असताना चेहरा झाकायला बंदी केली, दुसऱ्याने खात्याचं नाव आणि व्यक्तीचं नाव किंवा बिल्ला नंबर दाखवणं सक्तीचं केलं. नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने खटला भरला. केंद्राचा युक्तिवाद जुना आणि वजनदार आहे: केंद्राच्या अधिकाऱ्याने आपलं काम कसं करावं हे राज्य ठरवू शकत नाही. या तत्त्वाचा एक गाजलेला खटला कॅलिफोर्नियातलाच आहे. १८८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींच्या रक्षणासाठी नेमलेले केंद्राचे मार्शल नीगल यांनी न्यायमूर्तींवर धावून आलेल्याला गोळी घातली. राज्याने त्यांना खुनाच्या आरोपाखाली धरलं. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालय म्हणालं, केंद्राचं कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी राज्य याला पकडू शकत नाही.

फेब्रुवारी २०२६ मध्ये न्यायाधीश क्रिस्टिना स्नायडर यांनी प्राथमिक आदेश दिला. मास्कबंदी केंद्राच्या एजंटांना लागू करण्यावर त्यांनी स्थगिती दिली, पण नीगलच्या वाटेने जाऊन नव्हे. कॅलिफोर्नियाने स्वतःच्या राज्य पोलिसांनाच या बंदीतून वगळलं होतं. आपल्या माणसांना मोकळीक आणि केंद्राच्या माणसांना बंधन, हा भेदभाव झाला, असं त्यांनी म्हटलं. खातं आणि नाव किंवा नंबर दाखवण्याची सक्ती मात्र त्यांनी थांबवली नाही. खालच्या कोर्टाचा, तोही प्राथमिक आदेश. अपिलाच्या पायऱ्या तेव्हा पुढे होत्याच. मास्कबंदीचं विधेयक आणणारे राज्य सेनेटर स्कॉट वीनर यांनी लगेच जाहीर केलं की राज्य पोलिसांनाही त्यात घालणारी दुरुस्ती आपण मांडू.